डबल बेल

आपल्याकडे कंडक्टर म्हटलं की खाकी कपडे, खांद्याला चामड्याची पिशवी आणि कानामागे पेन्सिल असं चित्र डोळ्यांपुढे येतं. त्यामुळे अमेरिकेत मुलीकडे मुक्कामाला असताना जावई म्हणाले, "बाबा, संध्याकाळी युनिव्हर्सिटीच्या ऑर्केस्ट्राला जायचंय. आज चार विद्यार्थी कंडक्टर आहेत," तेव्हा आमच्या हिने सरळ विचारलं, "एका गाडीला चार?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. एस.टी.चा कंडक्टर गाडी चालवत नाही. स्टिअरिंग, ब्रेक, गिअर सगळं ड्रायव्हरच्या हाती. पण मागून डबल बेल आल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. ऑर्केस्ट्रातही तेच. साठ माणसं वाजवतात, हा एकटा काहीच वाजवत नाही, आणि टाळ्या पडल्या की सगळ्यांत आधी वाकून नमस्कार हाच करतो.

पूर्वी हा धंदा धोक्याचा होता. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारातले लुली जाडजूड काठी जमिनीवर आपटून ताल देत. राजा दुखण्यातून उठल्याच्या आनंदात १६८७ साली कार्यक्रम झाला, त्यात ती काठी त्यांच्या स्वतःच्याच पायावर बसली, जखम चिघळली आणि लुली गेले. राजा बरा झाला तो झालाच. आता त्या काठीची छडी झाली आहे. पायाला धोका नाही. धोका आहे तो अब्रूला.

आणि विद्यार्थ्याच्या अब्रूला तर फारच. आपल्याकडे गाणं शिकणाऱ्या पोराला तंबोरा पुरतो, उरलेलं शेजाऱ्यांच्या सहनशक्तीवर भागतं. व्हायोलिनवाला दार लावून तासन्‌तास घासू शकतो. पण कंडक्टर होऊ पाहणाऱ्याचं वाद्य म्हणजे साठ जिवंत माणसं. ती घरी आणून ठेवता येत नाहीत. नुसत्या चहालाच परवडायची नाहीत. आरशासमोर हात हलवावेत, तर आरसा कधी बेसूर होत नाही. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांचं त्यातल्या त्यात बरं होतं. वडील मेहली मेहता यांनीच बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केलेला. तरी त्यांनाही व्हिएन्नाला जाऊन हान्स स्वारोव्स्कींच्या हाताखाली धडे गिरवावे लागलेच. तेव्हा एखादं विद्यापीठ विशीतल्या पोरांच्या हाती अख्खा ऑर्केस्ट्रा देतं आणि वर लोकांना ऐकायला बोलावतं, हे मला धाडसाचं वाटतं. धाडस दोन्ही बाजूंचं.

पहिल्या मुलाकडे मोझार्टच्या 'फिगारो'ची नांदी होती. १७८६ सालची, चारेक मिनिटांची, उताराला लागलेल्या सायकलीसारखी. तिची सुरुवात कुजबुजीची आहे, पुढे नाटकात ज्या लबाड्या व्हायच्या आहेत त्यांना शोभेल अशी. या मुलाने हात एवढे ऐसपैस फिरवले की ती कुजबूज चाळीच्या गॅलरीतली झाली. सायकल मात्र पडली नाही. त्याने हँडल सोडलं नाही. ब्रेक कुठे आहे याची चौकशीही केली नाही.

दुसऱ्याच्या वाट्याला बीथोवनच्या पाचव्या सिंफनीचा पहिला भाग आला. ही १८०८ साली पहिल्यांदा वाजली. तिचे ते चार ठोके गाण्यातलं ओ की ठो न कळणाऱ्यालाही ठाऊक असतात. कंडक्टरची पंचाईत अशी की त्या ठोक्यांच्या आधी अर्ध्या मात्रेची विश्रांती लिहिलेली आहे. म्हणजे पहिला हात करायचा तो कोणी काहीही वाजवू नये म्हणून! मुलाने हात केला आणि श्लोक संपायच्या आत जिलबीला हात घालणाऱ्या मंडळींसारखे निम्मे व्हायोलिनवाले पुढे निघून गेले. पण बीथोवन दयाळू. पहिला भाग परत सुरुवातीपासून वाजवायची खूण त्याने स्वतःच करून ठेवली आहे. दुसऱ्या खेपेला सगळे एकत्र आले. ए.टी.के.टी.ची सोय बीथोवनच्या डोक्यातून निघाली असावी.

चौथ्याकडे ब्राम्सची 'अकॅडेमिक फेस्टिव्हल ओव्हर्चर' होती. ब्रेस्लाउ विद्यापीठाने १८७९ साली ब्राम्सला मानद डॉक्टरेट दिली. आभाराच्या कार्डावर भागेल असा त्याचा हिशेब होता. विद्यापीठाला संगीत हवं होतं, असं कळल्यावर त्याने विद्यार्थ्यांची पिण्याची गाणी एकत्र बांधून पाठवून दिली! मोठा ढोल, झांजा, त्रिकोण, सगळा सरंजाम. आमचा चौथा कंडक्टर त्यात इतका रंगला की कोट पाठीवर चढला. पण वादक त्याच्याकडे बघत नव्हते. ते पहिल्या खुर्चीवरच्या व्हायोलिनवालीकडे बघत होते. वरातीत बँडपुढे नाचणाऱ्या मामालाही आपल्यामुळेच बँड वाजतोय असं वाटत असतं.

तिसरी मुलगी मी मुद्दाम मागे ठेवली. तिच्याकडे शूबर्टची अपुरी सिंफनी होती. १८२२ साली दोन भाग लिहून शूबर्टने ती सोडली, आणि त्याच्या मृत्यूनंतर सदतीस वर्षांनी, १८६५ साली ती लोकांच्या कानांवर पडली. पहिल्या भागात एका जागी सगळं थांबतं, हॉर्न आणि बसून एकच सूर लांबवतात आणि मग सेलोवाले ती सुप्रसिद्ध चाल सुरू करतात. इथे मुलीने जवळजवळ हातच हलवला नाही. सेलोवाल्यांकडे नुसतं पाहिलं, 'तुमचं तुम्ही वाजवा' अशा नजरेने. ती चाल पुढे मधेच तुटते आणि एक अख्खी मात्रावळ कोणीच वाजवत नाही. त्या शांततेत तिचा हात हवेत स्थिर होता आणि हॉलमध्ये एक खोकला आला नाही. मग ऑर्केस्ट्रा जो कोसळला, आमची ही दचकून माझा हात धरती झाली. डबल बेल कोणीही देईल. सिंगल बेल कुठे द्यायची आणि गाडी किती वेळ थांबवायची, हे कळतं तो कंडक्टर. बाकीचे सगळे सूर वाजवतात. शांतता वाजवायचं काम एकट्या त्याचं.

शेवटी चौघांनाही सारख्याच टाळ्या पडल्या, सगळा हॉल उभा राहिला. माझं भांडण असलंच तर या उभं राहण्याशी. आपल्याकडे गुरू शिष्याला वर्षानुवर्षं पाठीमागे तंबोऱ्यावर बसवतात, त्यात कित्येकांचे गळे मागच्या मागे थिजतात. तो दोष आपला. पण चुकलेल्याला आणि जमलेल्याला एकाच मापाने टाळ्या दिल्या तर जमलेल्या मुलीला ते कळायचं कसं? पहिल्या दोघांना आणखी संधी द्यावी, त्यांचं जमेल. चौथ्याला मात्र महिनाभर व्हायोलिनच्या शेवटच्या रांगेत बसवावं. तिथून कंडक्टर कसा दिसतो, हे त्याने एकदा बघून घ्यावं.