तुकोबांच्या पुलावरून



वरकुट्याच्या आमच्या भजनी मंडळात एकादशीला हरिपाठ झाल्यावर थोडे वाचन होते. मागच्या खेपेला एका तरुण माळकऱ्याने रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे अभंग वाचायला घेतले. दोन अभंग होतात न होतात तोच एक वडीलधारे माळकरी म्हणाले, "अहो, हे तर ख्रिस्ताचे. आपल्या टाळात कशाला?" पोर गप्प बसले. वाचन तिथेच थांबले. मला ते बरे वाटले नाही, म्हणून पुस्तक घरी आणून नीट वाचले. वाचून जे वाटले ते माउलींपुढे ठेवतो.

टिळक कोकणातले, जन्म १८६१ चा. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांचे मन धरले आणि १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. एवढे होऊनही आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत राहिले. धर्म बदलला, पण अभंग, कीर्तन, 'माउली' ही हाक काही सुटली नाही. ख्रिस्ताला ते आई म्हणतात, गुरू म्हणतात. आपल्या कानाला ते परके लागतच नाही. वडीलधाऱ्यांना अडचण झाली ती बहुधा यामुळेच.

आता गुणदोषाकडे वळतो. टिळकांचा विषय शरणागती. मी काहीच नाही, तू चालवशील तसा चालेन, हा भाव अभंगामागून अभंगात येतो. भाषा गोड, चाल सरळ, म्हणायला सोपी. माझी तक्रार इथेच आहे. बहुतांश अभंगांत शरण जाणे फार लवकर होऊन जाते. पहिल्या चरणात कळवळा, शेवटच्या चरणात विसावा. मधली झोंबाझोंबी दिसत नाही. तुकोबा असे लवकर कुठे शरण जातात? देवाशी भांडतात, त्याला दिवाळखोर ठरवतात. वह्या इंद्रायणीत गेल्या तेव्हा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून धरणे धरून बसले, असे आपण कीर्तनात ऐकतो. धरणे धरणारा माणूसच पुरता शरण गेलेला असतो, कारण दुसरे दार त्याने ठेवलेलेच नसते. टिळकांनी पूल घेतला, पण पुलाखालचे पाणी फारसे पाहिले नाही, असे मला वाटते.

गंमत अशी की ते पाणी ख्रिस्ताच्या चरित्रात आहे. पकडले जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू जमिनीवर पालथा पडून देवाला विनवतो, हा प्याला माझ्यापासून टळो. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. सोबतचे शिष्य झोपलेले. मग शेवटी म्हणतो, माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. त्याच रात्री, जेवणाच्या वेळी, त्याने शिष्यांचे पाय धुतले होते. वारीत आपण लहानथोर एकमेकांच्या पाया पडतो. त्यामुळे ही गोष्ट आपल्याला समजावून सांगावी लागत नाही.

पण टिळकांच्या अभंगांवरची खरी टीका त्यांच्याच घरात लिहिली गेली. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' ज्याने वाचले नाही, त्याने टिळकांच्या शरणागतीबद्दल बोलू नये. नवरा बाप्तिस्मा घेऊन मोकळा झाला. लहान मुलाला घेऊन बायको नातेवाइकांच्या आधाराला. त्यातला काही काळ तर आपल्या पंढरपुरातच गेला. तो देवाला शरण गेला, किंमत तिने मोजली. तुकोबांच्या आवलीची आठवण येते की नाही? भंडाऱ्यावर भाकरी घेऊन चढणारी, तोंडाने शिव्या देणारी. आपण कीर्तनात तिला हसतो, आणि त्यात आपण चुकतो.

लक्ष्मीबाई मात्र नवऱ्याचे बोट धरून शरण गेल्या नाहीत. त्या परत त्यांच्याबरोबर राहू लागल्या, पण सोवळे-ओवळे पाळून. मग एकदा विचार करता करता त्यांना पटले की जात देवाने केलेली नाही, आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खायला सुरुवात केली. बाप्तिस्मा १९०० साली, स्वतःच्या पावलांनी. हे सगळे त्या हसत सांगतात, स्वतःलाही सोडत नाहीत, टिळकांनाही नाही. नम्रतेचा शब्द न उच्चारता नम्रता कशी लिहावी, ते तिथे दिसते.

टिळकांच्या बाजूनेही सांगितले पाहिजे. १९१७ साली त्यांनी मिशनचे काम आणि पगार सोडला, साताऱ्याला जाऊन संन्याशासारखे राहिले आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. आयुष्यभराचा आधार उतारवयात सोडणे हे काही दोन चरणांचे काम नव्हे. हे वाचल्यावर त्यांचे अभंग मला वेगळे ऐकू आले. चाल तीच, पण आता तिच्यामागे माणूस दिसू लागला. १९१९ साली ते गेले. 'ख्रिस्तायन' दहा-अकरा अध्यायांवर अडले होते. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे गिरवायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहिले.

येत्या एकादशीला मी त्या पोराला पुस्तक परत देणार आहे, सोबत 'स्मृतिचित्रे'ही. आधी ते वाच म्हणेन. वडीलधाऱ्या माळकऱ्यांनाही शेजारी बसवणार आहे. त्यांना भांडायचे असेल तर त्यांनी खुशाल भांडावे.