राकीच्या टेबलाबाहेर

इस्तंबूलला जाण्याआधी मी दारूविषयीचे सगळे सल्ले वाचले होते. मशिदीजवळ नको, रस्त्यात नको, रमजानमध्ये तर जपूनच. सल्ले चुकीचे नाहीत. पण त्यांत एक गृहीत धरलेलं असतं: पिणारे आपण पाहुणे, आणि तिथले लोक फक्त दुखावले जाणारे.

ओरहान पामुकची ‘द म्युझियम ऑफ इनोसन्स’ (२००८) वाचताना हे गृहीत टिकत नाही. केमाल आठ वर्षं फ्युसुनच्या घरी जेवायला जातो, तिच्या वडिलांबरोबर राकी पितो. बडीशेपेसारख्या वासाची ही दारू, पाणी घातलं की दुधाळ होणारी. शेजारी फ्युसुनची आई, समोर टीव्ही, पुढ्यात जेवण. चोरून काही नाही, मिरवणंही नाही. बकरी ईदच्या पाहुण्यांसाठीसुद्धा लिकर आणली जाते! पिण्याची ही घरगुती रीत पामुक फार बारकाईने लिहितो.

मला खटकतो तो चेतिन, केमालचा ड्रायव्हर. मालक आत पीत असताना तो बाहेर गाडीत थांबतो. टेबलाबाहेरच्या माणसाला काय वाटतं, हे निशांताशीच्या या श्रीमंत मुलाला फारसं दिसत नाही, आणि निवेदक तोच असल्यामुळे आपल्यालाही.

कादंबरी १९७५ मध्ये सुरू होते. २०१३च्या कायद्यापासून तिथल्या दुकानांत रात्री दहा ते सकाळी सहा दारू विकता येत नाही. मी दहा वाजून पाच मिनिटांनी बिअर मागितली. दुकानदाराने घड्याळाकडे बोट दाखवलं आणि आयरान, म्हणजे खारट ताक, पुढे केलं. तो स्वतः पितो की नाही, मला कळलं नाही.