किनाऱ्यावरून दिसणारा परका

थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर दोन बेटं दिसतात, खांदेरी आणि उंदेरी. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तट घालायला घेतला, आणि १६८० च्या सुरुवातीलाच सिद्दी कासमनं उंदेरी बळकावली. म्हणून सभासदाची बखर आम्ही पुन्हा वाचली.

तिथला सिद्दी म्हणजे घरातला उंदीर. उपमा नेमकी आहे. किनाऱ्यावरच्या गावांनी सिद्दीची लूट सोसलीच होती. पण उंदराला चेहरा नसतो. तो कुठून आला, इथं कसा रुजला, हे बखरकार विचारत नाही. कृष्णाजी अनंत लिहीत होता जिंजीला, राजाराम महाराजांसाठी, राज्य संकटात असताना. त्याला शत्रू हवा होता, शेजारी नव्हे.

आता शेजारच्या नवगावला चला. बेने इस्रायलांची कथा सांगते की इथं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. चित्पावनांच्या उत्पत्तिकथेतही समुद्रानं किनाऱ्याला लावलेली प्रेतं चौदाच! म्हणजे हा आकडा इतिहास म्हणून घेऊ नये. पण गावानं या लोकांना नाव दिलं ‘शनवार तेली’. घाणा शनिवारी बंद असतो, एवढंच गावानं पाहिलं आणि तेवढंच म्हटलं. त्यात शिवी नाही.

इंग्लंडातही हेच घडलं. ९९१ च्या माल्डनच्या लढाईवरच्या काव्यात समुद्रातून आलेले हल्लेखोर लांडगे आहेत. १००२ मध्ये राजा एथेलरेडनं डेन लोकांच्या कत्तलीचा हुकूमच काढला. पुढं तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘हॅवलॉक’ हे कथाकाव्य येतं. त्यात ग्रिम नावाचा कोळी डेन्मार्कच्या राजपुत्राला होडीतून इंग्लंडला आणतो, ग्रिम्सबी गाव वसवतो; राजपुत्र इंग्रज राजकन्येशी लग्न करून तिथलाच राजा होतो. ही कथा लिंकनशायरची, जिथं डेन पिढ्यान्‌पिढ्या वस्ती करून राहिले होते.

लांडगा दरबारी, लढाईच्या कवितेतला. राजा शेजाराच्या कथेतला. आमच्या मते परक्याचं चित्र पाहताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की चित्र काढणारा किती अंतरावर उभा आहे?

जंजिरा संस्थान १९४८ पर्यंत टिकलं. मुरूडची मराठी माणसं शतकानुशतकं त्या राज्यात नांदली. आपल्या डोळ्यांसमोर मात्र अजून बखरीतलाच सिद्दी येतो. बखर खोटी ठरवायचं कारण नाही. ती जिंजीहून लिहिलेली आहे, एवढं ध्यानात ठेवून आपण ती थळला बसून वाचू.