वेदना : देणगी की दुखणे?

चेतासंस्थेचा पाठ शिकवताना बहुतेक शिक्षक एक प्रश्न हमखास विचारतात : वेदनाच नसती तर काय झाले असते? मुले आधी खूश होतात. मग तव्याला लागलेले बोट, पायात रुतलेली काच अशी उदाहरणे निघतात आणि वेदना म्हणजे शरीराची धोक्याची घंटा, हा निष्कर्ष मुले स्वतःच काढतात. पाठ रंगतो. या विचाराची अतिशय प्रभावी मांडणी डॉ. पॉल ब्रँड यांच्या 'पेन : द गिफ्ट नोबडी वाँट्स' या इंग्रजी पुस्तकात आहे. फिलिप यान्सी यांच्यासमवेत लिहिलेले हे पुस्तक १९९३ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे 'द गिफ्ट ऑफ पेन' या नावानेही निघाले. कोणालाही नको असलेली देणगी म्हणजे वेदना, असा शीर्षकाचा आशय आहे. विज्ञानशिक्षकांनी हे पुस्तक जरूर वाचावे. मात्र ते वाचून वर्गात जाण्यापूर्वी त्यातल्या 'देणगी' या शब्दाविषयी थोडा विचार करावा, असे आम्हांला वाटते.

ब्रँड यांचा जन्म १९१४ साली आजच्या तमिळनाडूतील कोल्ली डोंगरांत झाला. शल्यविशारद होऊन ते १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात मांस सडते व बोटे झडतात, अशी त्या काळी सर्वसाधारण समजूत होती. ब्रँड यांना ती पटेना, कारण शस्त्रक्रियेनंतर या रुग्णांच्या जखमा इतरांसारख्याच भरून येत. एकदा एका गंजलेल्या कुलपाची किल्ली त्यांना फिरेना. एका अशक्त मुलाने पुढे होऊन ती सहज फिरवली. त्याच्या अंगात बळ फार होते असे नव्हे. किल्ली बोटात पार हाडापर्यंत रुतली होती आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. रात्री बोटे नाहीशी कशी होतात याचा शोध घेता उंदीर ती कुरतडतात असे दिसले. झोपलेल्याला जाग येत नसे. तेव्हा रुग्णांना मांजरे देण्यात आली. बोटे रोगाने झडत नव्हती. चेतातंतू निकामी होऊन वेदना हरपल्यामुळे ती इजा होऊन नष्ट होत होती. शंका, निरीक्षण, अनुमान आणि उपाय हा क्रम मुलांपुढे ठेवण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधून सापडणे कठीण.

पुढे अमेरिकेत काम करताना ब्रँड यांनी कृत्रिम वेदना तयार करण्याचा प्रयत्न केला. हातमोज्यांत दाब मोजणारे संवेदक बसवले आणि दाब धोक्याच्या पातळीवर गेला की इशारा मिळेल अशी सोय केली. रुग्ण आवाजाकडे दुर्लक्ष करीत, दिव्याकडे दुर्लक्ष करीत. शेवटी विजेचा झटका देऊन पाहिला, तर कामाच्या वेळी रुग्ण बटण बंद करीत आणि काम उरकले की पुन्हा चालू करीत! वेदना नकोशी असते आणि आपल्याला ती बंद करता येत नाही, म्हणूनच ती उपयोगी पडते, हा धडा या अपयशातून मिळाला. पुस्तकातील हे प्रकरण आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते.

येथपर्यंत पुस्तकाशी आमचे भांडण नाही. भांडण सुरू होते ते याच्या पुढे. जी वेदना बंद करता येत नाही, ती कोणत्याही धोक्याविना वर्षानुवर्षे चालू राहिली तर?

अशी वेदना दुर्मीळ नाही. नागीण बरी होते, खपल्या पडतात, कातडी स्वच्छ होते. पण काहींच्या बाबतीत त्याच पट्ट्यात पुढे महिनोन्‌महिने आग होत राहते. सदऱ्याचे कापड घासले तरी जीव कासावीस होतो. मधुमेह जुना झाला की काहींचे तळपाय रात्री पेटल्यासारखे होतात. गंमत अशी, की तेच तळपाय टाचणी टोचल्याचे सांगू शकत नाहीत. म्हणजे खऱ्या धोक्याला घंटा मुकी आणि धोका नसताना अखंड घणघणाट. आणि ज्या रोगावर ब्रँड यांचे सारे प्रतिपादन उभे आहे, त्या कुष्ठरोगातही हेच आढळते. उपचार पूर्ण झालेल्या १०१ कुष्ठरुग्णांची मुंबईत केलेली एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी २२ जणांना चेतातंतूंच्या बिघाडातून उद्भवणारी वेदना होती. वेदना गमावणे आणि वेदनेने ग्रासले जाणे ही दोन टोके एकाच रोगात, कधी एकाच हातात नांदू शकतात. पुस्तकात चिरकाली वेदनेचा विषय येतच नाही असे नव्हे. हात-पाय कापल्यानंतरही त्या नसलेल्या अवयवात जाणवणाऱ्या वेदनेविषयी ब्रँड लिहितात, वेदना कधीकधी वैरीण होते हेही मान्य करतात. पण पुस्तकाचा सांगाडा देणगीच्या रूपकाचा आहे, आणि वाचकाच्या मनात शेवटी तेच रूपक उरते.

आता घंटा अशी का वाजत राहते ते पाहू. पहिला बिघाड तारेत असतो. इजा झालेल्या चेतातंतूच्या पटलावर सोडियम आयनांना आत घेणाऱ्या मार्गिका इजेच्या जागी गोळा होतात. एरवी बाहेरून चेतना मिळाली तरच तंतूतून संदेश निघतो. येथे तो आपोआप निघू लागतो. दुसरा बिघाड मज्जारज्जूत होतो. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की इजेनंतर मज्जारज्जूतील चेतापेशींची उत्तेजनशीलता वाढते. मग साधा स्पर्शही वेदनेच्या मार्गाला लागतो. संदेशांना आवर घालणाऱ्या पेशींचा जोरही ओसरतो. म्हणजे घंटेची नुसती तार सोलली गेली असे नव्हे, तर घंटेची सारी जोडणीच बदलली. मूळची जखम भरून आली तरी ही बदललेली जोडणी कायम राहू शकते. अशा वेळी वेदना हा दुसऱ्या कोणत्या रोगाचा निरोप राहत नाही. बिघाड निरोप नेणाऱ्या यंत्रणेतच असतो.

याचा सुंदर पुरावा आनुवंशशास्त्रात मिळतो. अशीच एक सोडियम मार्गिका बनवणारे एससीएन-९-ए नावाचे जनुक आहे. ही मार्गिका गरजेपेक्षा सहज उघडू लागली तर हातपाय लाल होऊन त्यांची असह्य आग होण्याचा आनुवंशिक विकार जडतो, हे २००४ साली चीनमधील रुग्णांत दिसून आले. २००६ साली उत्तर पाकिस्तानातील काही कुटुंबांत याच जनुकाचे काम पूर्ण बंद पडल्याचे आढळले. त्या व्यक्तींना जन्मापासून वेदना माहीतच नव्हती. त्यांपैकी एक मुलगा रस्त्यावर खेळ करी, दंडात सुरा खुपसून दाखवी, निखाऱ्यांवरून चाले. चौदा वर्षांचा होण्याआधीच तो छपरावरून उडी मारून मरण पावला. या मुलाची हकिगत ब्रँड यांच्या बाजूची साक्ष आहे. चीनमधील रुग्णांची हकिगत विरुद्ध बाजूची. दोन्हींमागे जनुक एकच. वर्गात यांतली एकच गोष्ट सांगणे म्हणजे अर्धे विज्ञान सांगणे होय.

शब्दाचा एवढा कीस कशासाठी, असे कोणी विचारील. कारण या शब्दाची किंमत रुग्ण मोजतो. वेदना म्हणजे निरोपच, अशी पक्की समजूत असली की प्रत्येक जण निरोप धाडणाऱ्याचा शोध घेतो. क्ष-किरण चित्र स्वच्छ येते, रक्ताचे अहवाल ठीक येतात आणि मग घरचे म्हणतात, 'काही नाही, मनाचे खेळ आहेत.' रुग्ण स्वतःलाही तेच विचारू लागतो. अपघातात हाताचा चेतातंतू दुखावलेला एखादा विद्यार्थी प्लास्टर निघाल्यावरही पेन धरायला कां-कूं करतो, तेव्हा तो कामचुकार ठरतो. शिक्षकाने शिकवलेल्या पाठानुसार घंटा वाजायचे कारण उरलेले नसते ना! शिवाय उपचारही चुकतात. पॅरासिटामॉलसारख्या नेहमीच्या वेदनाशामकांचा या वेदनेवर फारसा उपयोग होत नाही. ॲमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन यांसारखी चेतासंस्थेवर काम करणारी औषधे काहींना गुण देतात, सर्वांना नाही. ती अर्थातच डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. त्यातही पहिले औषध नैराश्यावरचे म्हणून ओळखले जाते. ते लिहून दिलेले पाहून रुग्णाला वाटते, डॉक्टरांनीही आपल्याला वेडे ठरवले. औषध का दिले हे दोन वाक्यांत समजावले तर हा गैरसमज टळतो.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती स्वीकारली आणि ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तीत तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला स्वतंत्र स्थान मिळाले. याचा अर्थ मूळ कारण शोधू नये असा मात्र कोणी काढू नये. 'वेदना हाच रोग' ही घोषणाही आंधळेपणाने वापरता येते, आणि मग मधुमेह किंवा कुष्ठरोग तसाच राहून जातो. याच वर्गीकरणात चेतातंतूंच्या वेदनेची नोंद दुय्यम वेदनांमध्ये आहे, म्हणजे तिच्या आरंभी दुसरा रोग किंवा इजा असते. आरंभ दुसरीकडे असला तरी पुढचा प्रवास तिचा स्वतःचा असू शकतो, एवढेच यातून घ्यायचे.

आपल्या भाषेने ही सोय आधीच करून ठेवली आहे. 'दात दुखतो' यातले दुखणे हे लक्षण. 'त्याचे दुखणे लांबले' यातले दुखणे हा आजार. एकच शब्द दोन्ही अर्थांनी आपण सहज वापरतो. ब्रँड यांनी पहिल्या अर्थाचे मोल ज्या ताकदीने दाखवले, तेवढे फार थोड्यांनी दाखवले असेल. दुसरा अर्थ मात्र शिक्षकाने आपल्या पदरचा घालायला हवा. तेव्हा वर्गात किल्लीची गोष्ट जरूर सांगावी. आणि त्याच तासाला, नागीण बरी होऊनही सदरा अंगाला सोसत नाही अशा आजोबांचीही सांगावी. बाकावरच्या एखाद्या मुलाच्या घरी असे आजोबा असतील. तो घरी गेल्यावर त्यांचे म्हणणे खरे मानील, तर पाठ सार्थकी लागला असे आम्ही म्हणू.