काल्पनिक झुंजींचा न्याय

निरनिराळ्या काळांतील मुष्टियोद्ध्यांची झुंज कल्पनेंत लावणें हा रसिकांचा आवडता छंद आहे. मध्यम गटांत हॅरी ग्रेब व मार्व्हिन हॅगलर अशी जोडी घेतल्यास वजनाची मर्यादा दोघांनाही सारखीच, १६० पौंडांची. पुरावा मात्र सारखा नाहीं. १९८५ सालीं हॅगलरनें हर्न्सला तिसऱ्याच फेरींत लोळविलें, तें आजही पाहतां येतें. १९२३ ते १९२६ पर्यंत अजिंक्यपद राखणाऱ्या ग्रेबच्या एकाही लढतीचें चलच्चित्र उपलब्ध नाहीं. तथापि पुढें हेवीवेट जगज्जेता झालेल्या जीन टनीचा व्यावसायिक कारकीर्दींतील एकमेव पराभव ग्रेबनेंच १९२२ सालीं केला. अशी साक्ष असतां केवळ चित्राअभावीं त्यास हरलेला ठरविणें ही डोळ्यांची खुशामत होय; ती आम्हांस मान्य नाहीं.