डोळा, पाऊल आणि आवाज : टार्सियरच्या छायाचित्रांविषयी काही विचार

वन्य प्राण्याच्या छायाचित्राला सामान्यतः पुराव्याची प्रतिष्ठा दिली जाते. शब्दामागे लेखक असतो, त्याचा कल असतो, म्हणून शब्द पारखून घ्यावा लागतो. चित्र यंत्राने टिपलेले असल्यामुळे ते पारखण्याची गरज नाही, असा हा समज आहे. वर्षावनातील लहान नरवानरांच्या छायाचित्रणात या समजाची कसोटी लागते. त्या दृष्टीने इंडोनेशियातील सुलावेसी बेटाच्या उत्तर टोकाशी असलेल्या टांगकोको राखीव वनातील टार्सियर या प्राण्याचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. शंभर-सव्वाशे ग्रॅम वजनाचा, तळहातावर मावेल एवढा हा निशाचर प्राणी. समग्र नरवानरगणात केवळ प्राणिज आहारावर जगणारे असे फक्त टार्सियरच.

त्याच्या छायाचित्रणाची आता एक रूढीच बनून गेली आहे. दुसऱ्या झाडाला विळखा घालून वाढलेल्या वडाच्या जातीच्या वृक्षाच्या ढोलीत हे प्राणी दिवसा झोपतात आणि संध्याकाळी बाहेर पडतात. नेमक्या त्या वेळी वाटाडे पाहुण्यांना तेथे नेतात, बॅटरीचा झोत टाकतात, प्रसंगी नाकतोड्याचे आमिषही दाखवतात. त्यातून निघणारे चित्र बहुधा एकच असते : समोरून घेतलेला चेहरा, खोडाला बिलगलेली बारीक बोटे, मागे काळोख आणि मधोमध दोन प्रचंड डोळे.

डोळ्यांना दिलेले हे प्राधान्य निराधार आहे, असे म्हणता येणार नाही. फिलिपीन्समधील टार्सियरच्या डोळ्याचा व्यास सुमारे १६ मिलिमीटर भरतो आणि एकेक डोळा आकाराने त्याच्या मेंदूएवढा असतो. लोरिस किंवा लेमूर यांच्या डोळ्यांत मागे प्रकाश परतवणारा जो थर असतो, तो टार्सियरला नाही. ती उणीव डोळ्याचे आकारमान भरून काढते. तथापि या डोळ्यांत प्रेक्षकाला जो ‘भाव’ दिसतो, त्याची गोष्ट निराळी. अंधारात टार्सियरची बाहुली विस्फारून जवळजवळ सगळा डोळा व्यापते. झोत पडताच ती आकसून टिंबाएवढी होते आणि भोवती परितारिकेचे रुंद वलय उघडे पडते. मनुष्याच्या चेहऱ्यावर अशी नजर विस्मयाची किंवा भयाची खूण असल्यामुळे प्रेक्षक तोच अर्थ येथेही लावतो. वस्तुतः ते त्या दिव्याला डोळ्याने दिलेले उत्तर होय. शिवाय टार्सियरला डोळे खोबणीत फिरवता येत नाहीत. त्याला मानच वळवावी लागते आणि ती प्रत्येक बाजूस जवळजवळ १८० अंशांत वळते. त्यामुळे नुसत्या बघण्यालाही टक लावून रोखलेल्या नजरेचे रूप येते.

चेहऱ्याचे असे वाचन किती चुकू शकते, याचे उदाहरण मंदगती लोरिसच्या संदर्भात घडून गेले आहे. पाळलेल्या लोरिसला गुदगुल्या केल्या जात आहेत आणि तो हात वर करून सुखावला आहे, असे दाखवणारी एक चित्रफीत २००९ मध्ये जगभर पाहिली गेली. हात वर करणे ही या प्राण्याची बचावाची मुद्रा आहे. कोपराजवळील ग्रंथीचा स्राव लाळेशी मिसळून तो आपला दंश विषारी करतो. प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांचा जो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात अनेकांनी असा प्राणी पाळायला मिळावा अशी इच्छा व्यक्त केल्याचे आढळले. २००७ मध्येच त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार निषिद्ध ठरला होता, हे येथे लक्षात घ्यावे लागेल. चित्राचा चुकीचा अर्थ प्राण्याच्या जिवावर बेततो तो असा.

मानवी भाव आरोपित करण्याचा दोष एकट्या कॅमेऱ्याच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. भाषेनेही तेच केले आहे. मलय भाषेत मंदगती लोरिसला ‘मलू-मलू’, म्हणजे लाजाळू, म्हणतात. कन्नडमध्ये कृश लोरिस हा ‘काडु पापा’, म्हणजे रानातले बाळ, ठरला. फरक एवढाच की, नाव हे नाव म्हणून ओळखले जाते. ते पुरावा असल्याचा दावा करीत नाही. उलट ‘टार्सियस’ हे श्टोर याने १७८० मध्ये दिलेले शास्त्रीय नाव डोळ्याकडे वळतही नाही. ते घोट्याच्या लांबलेल्या हाडांवरून आलेले असून या प्राण्याच्या अचाट उडीचा उलगडा त्या हाडांतच आहे. स्थिर चेहऱ्याच्या चित्रात नेमकी ही उडी हरवते.

पण सर्वांत मोठी हानी होते ती आवाजाची. पहाटे झोपण्याच्या झाडाकडे परतताना सुलावेसीतील नर-मादी जोडीने साद घालतात. या सादांची रूपे प्रदेशागणिक निरनिराळी आहेत, हे जॉन आणि कॅथी मॅकिनन यांनी १९८० मध्ये दाखवून दिले. पुढे २०१७ मध्ये साद आणि आनुवंशिक पुरावा यांच्या आधारे बेटाच्या उत्तर भागातून दोन नव्या जाती वर्णिल्या गेल्या. टांगकोकोचा टार्सियर त्यांपैकी एक. म्हणजे असंख्य छायाचित्रांखालचे नाव बदलले, पण एकाही छायाचित्रातील रेषा बदलली नाही. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला ही स्थिती परिचित आहे : लेखनात एकरूप दिसणाऱ्या बोली कानाला वेगळ्या ठरतात. फिलिपीन्सचा टार्सियर तर अबोल समजला जाई. तो सुमारे ७० किलोहर्ट्‌झ कंप्रतेची, म्हणजे मानवी श्रवणाच्या सीमेपलीकडची साद घालतो, हे २०१२ मध्ये उजेडात आले. उघड्या तोंडाचे जे चित्र ‘जांभई’ म्हणून छापले जाते, ते हाकेचेही असू शकेल.

याचा अर्थ छायाचित्र निरुपयोगी, असा मात्र नव्हे. बटू टार्सियर अनेक दशके कोणी जिवंत पाहिला नव्हता. २००८ मध्ये लोरे लिंदू राष्ट्रीय उद्यानातील रोरे कातिंबू पर्वतावर तो पुन्हा सापडला, तेव्हा त्याची चित्रे अमोल ठरली. कारण त्यांच्यासोबत स्थळ, उंची, मोजमापे होती. ती चित्रे एका मोठ्या विधानाचा भाग होती. सुटे चित्र हे संदर्भावाचून उच्चारलेल्या वाक्यासारखे असते. ऐकणारा त्यात आपल्याच मनातला अर्थ भरतो.

तेव्हा या प्रकारच्या चित्राची परीक्षा करताना चेहऱ्याच्या मोहकतेपूर्वी काही साधे प्रश्न विचारले पाहिजेत. वेळ कोणती होती? प्रकाश कोणाचा होता? प्राणी आपणहून तेथे आला, की आमिषाने आणला गेला? त्या क्षणी त्याची साद नोंदली गेली काय? ही उत्तरे चित्राखालच्या दोन ओळींत मावतात. ती दिली जात नाहीत तोवर टार्सियरचे डोळे पाहणारा प्रेक्षक बव्हंशी छायाचित्रकाराचा दिवाच पाहत असतो.