लहान मंडळ आणि मुके सभासद

साहित्यप्रेमी माणसें एकत्र येऊन एखादें मंडळ काढतात, तेव्हां पहिल्या चार-दोन बैठकींत उत्साहाला भरतें येतें. पुढें नियमानें बोलणारे तिघेचौघेच उरतात. बाकीचे सतरंजीवर बसून ऐकतात आणि चहा घेऊन घरीं जातात. मग चालक सभासदांच्या अनास्थेबद्दल खेद प्रगट करतात. आमच्या मतें दोष सभासदांच्या माथीं मारण्याची ही घाई आहे. आपल्या बोलण्यानें जेथें कांहींच बदलत नाहीं, तेथें शहाणा मनुष्य गप्पच बसणार.

या दृष्टीनें पुण्याच्या रविकिरण मंडळाचें उदाहरण विचारांत घेण्याजोगें आहे. १९२३ सालीं स्थापन झालेल्या या मंडळांत माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे व त्यांच्या पत्नी मनोरमाबाई, वि. द. घाटे, ग. त्र्यं. माडखोलकर आणि दिवाकर अशीं आठच माणसें होतीं. त्यांच्या काव्याची थोरवी किती, या वादांत आज आम्हांस शिरावयाचें नाहीं. इतक्या थोड्या माणसांनीं एकमेकांना लिहितें कसें ठेवलें, एवढाच प्रश्न आहे.

पहिलें कारण असें कीं, येथें केवळ श्रोता असा कोणीच नव्हता. आज जो ऐकणार, तोच उद्यां वाचणार. त्यामुळें ऐकण्यालाहि जबाबदारी आली. दुसरें कारण सामायिक कामाचें. मंडळानें सभासदांच्या कविता एकत्र करून संग्रह प्रसिद्ध केले. आपली कविता दुसऱ्याच्या कवितेशेजारीं छापली जाणार म्हटल्यावर त्याच्या सदोष ओळीची काळजी आपल्यालाहि लागतेच. तिसरें कारण, सर्वांना एकाच मापानें मोजण्याचा हट्ट नव्हता. दिवाकरांची कीर्ति नाट्यछटांची, माडखोलकरांची पुढें कादंबरी व टीकेची. तरी त्यांना तेथें जागा होती. मनोरमाबाईहि पाहुण्या म्हणून नव्हे, तर कवयित्री म्हणून बसत.

परंतु या चित्राची दुसरी बाजू झांकून ठेवणें हें टीकाकाराला शोभणार नाहीं. पुढें या कवींच्या काव्यगायनाला गांवोगांवीं गर्दी लोटूं लागली. त्यामुळें कविता मध्यमवर्गाच्या घरांत शिरली, हें श्रेय त्यांना दिलेंच पाहिजे. मात्र टाळ्या वाजविणारा श्रोता चूक दाखवीत नाहीं; आणि बाहेर टाळ्या मिळूं लागल्या म्हणजे आंतल्या मित्राचा खडा शब्द नकोसा होतो. अत्र्यांच्या ‘झेंडूचीं फुलें’ या १९२५ च्या विडंबनसंग्रहानें या संप्रदायाच्या लकबींची जी थट्टा केली, तींतील कांहीं भाग मित्रांनींच आधीं घरांत सांगावयास हवा होता, असें आम्हांस वाटतें.

लहान मंडळाला असे दोन रोग जडतात: मौन आणि परस्परस्तुति. दोहोंचें मूळ एकच. बोलण्याचा परिणाम उरला नाहीं, म्हणजे भिडस्त माणूस गप्प बसतो आणि धीट माणूस वाहवा करतो. ‘सभासदांनीं भाग घ्यावा’ अशी नुसती विनंती करून हा रोग जाणार नाहीं. सभासदाच्या हातीं कांहीं काम दिलें पाहिजे. नव्या सभासदाकडे एखादी कथा आठ दिवस द्यावी आणि ती कोठें रेंगाळते तेवढींच दोन स्थळें विचारावीं. पुढल्या बैठकींत लेखकानें त्या सूचनेचें काय केलें, तें सर्वांसमक्ष सांगावें. सूचना नाकारली असल्यास कारणासह सांगावें. अध्यक्षांनीं आपलें मत सर्वांच्या शेवटीं द्यावें, कारण वडीलधारा माणूस आधीं बोलला म्हणजे धाकट्यांना मान डोलावण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं.

एवढें केल्यानें मंडळांतून थोर कवि निपजतील, असें आश्वासन आम्ही देत नाहीं. कोपऱ्यांत बसणारा गृहस्थ मात्र पुढच्या वेळीं कागद-पेन्सिल घेऊन येईल; आणि लहान मंडळाचें सारें आयुष्य त्या पेन्सिलीवर अवलंबून असतें.